ओगोवे नदीच्या काठचा दवाखाना

खेड्यातील दवाखाना म्हटला म्हणजे आपल्या मनापुढे प्रथम डॉक्टरच उभा राहतो. त्याचे ज्ञान, त्याची हत्यारे, त्याच्या कपाटातील औषधे यांचाच आपण विचार करतो. परंतु अशा दवाखान्याचा एक सबंध दिवस सकाळपासून सायंकाळपर्यंत नीट न्याहाळला, तर निराळीच गोष्ट ध्यानात येते. डॉक्टरच्या हातून जे बरे होते त्याचा पुष्कळसा भाग इतर हातांवर अवलंबून असतो. रोग्याला वेळेवर आणणारा शेजारी, त्याचे दुखणे नीट समजावून सांगणारा दुभाषा, बाटलीवरची चिठ्ठी वाचून दाखविणारा गावातील साक्षर मनुष्य आणि सांगितलेला नियम पाळणारा रोगी, यांच्यावाचून उत्तम औषधही वाया जाते. ही गोष्ट समजण्यासाठी या पाठात आपण आफ्रिका खंडातील एका दवाखान्याची माहिती करून घेऊ.

१. एका मासिकातील लेख

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर विषुववृत्तालगत गाबोन नावाचा देश आहे. त्यातून ओगोवे नावाची मोठी नदी वाहते. तिच्या काठी दाट अरण्यात लांबारेने हे गाव आहे. तेथे १८७६ साली डॉ. रॉबर्ट नासाऊ या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्याने मिशनचे ठाणे घातले. पुढे हा मुलूख फ्रेंचांच्या अमलाखाली असल्यामुळे ते काम पॅरिसच्या प्रॉटेस्टंट मिशनकडे आले.

१९०४ साली या पॅरिस मिशनच्या मासिकात गाबोनमधील कामाला माणसे हवीत असा एक लेख छापून आला. तो आल्बर्ट श्वाइट्झर नावाच्या तरुणाच्या टेबलावर आला आणि त्याने तो वाचला. श्वाइट्झर हा आल्सास प्रांतातील एका पाळकाचा मुलगा. त्याचा जन्म १८७५ सालचा. ईश्वरविज्ञानाचा अध्यापक, उपदेशक आणि ऑर्गन वाजविण्यात निष्णात म्हणून त्याची ख्याती झालेली होती. तरी वयाच्या तिसाव्या वर्षी, १९०५ साली, तो पुन्हा विद्यार्थी होऊन वैद्यकशास्त्र शिकू लागला. त्याची पत्नी हेलेने हिनेही परिचारिकेचे शिक्षण घेतले.

मिशनच्या कमिटीस त्याची धर्मशास्त्रविषयक मते पसंत नव्हती. तेव्हा, मी केवळ डॉक्टर म्हणून येईन, उपदेश करणार नाही, असे त्याने वचन दिले. दवाखान्यासाठी लागणारा पैसाही त्याने स्वतःच जमविला. १९१३ च्या उत्तम शुक्रवारी पतिपत्नींनी घर सोडले आणि एप्रिलच्या मध्यास ती दोघे लांबारेनेस पोहोचली. तेथील मिशनऱ्यांनी त्यास लवकरच वचनातून मोकळे केले आणि तो उपदेशही करू लागला.

२. कोंबड्यांच्या खुराड्यात

डॉक्टर आल्याची वार्ता नदीच्या वरच्या व खालच्या अंगास तत्काळ पसरली. औषधांच्या पेट्या अद्याप यावयाच्या होत्या, इमारत तर नव्हतीच. परंतु रोगी मात्र होड्यांतून येऊन दाखल झाले. प्रथम घरापुढील अंगणातच त्यांस तपासावे लागे. ऊन आणि अवचित येणारा पाऊस यांमुळे ते अशक्य झाले. तेव्हा कोंबड्यांचे एक जुने खुराडे साफ करून त्यास आतून चुना लावण्यात आला आणि तेथे काम सुरू झाले. त्याच वर्षी पुढे नदीजवळ पत्र्याचे लहानसे घर उभे राहिले. त्यात तपासण्याची एक आणि शस्त्रक्रियेची एक अशा मुख्य खोल्या असून प्रत्येक खोली सुमारे चार मीटर लांब व तितकीच रुंद होती. पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे २,००० रोगी येऊन गेले.

कोणकोणते रोग होते? हिवताप, रक्ती आंव, निद्रारोग, कुष्ठरोग, हाडापर्यंत खोल जाणारे व्रण, अंतर्गळ आणि घरोघर खरूज. खरजेने कित्येकांस रात्र रात्र झोप येत नसे. तिच्यासाठी डॉक्टर स्वतःच मलम तयार करी. गंधकाची पूड, कच्चे ताडतेल, मऊ साबण आणि माशांच्या डब्यांतून उरलेले तेल, एवढेच त्याचे साहित्य. रोग्यास साबणाने न्हाऊ घालून मलम लावीत आणि पुढे लावण्यासाठी डबीतून घरी देत. एवढ्या साध्या उपायाने डॉक्टरवर लोकांचा जेवढा विश्वास बसला, तेवढा मोठमोठ्या औषधांनीही बसला नसता.

कुष्ठरोगासाठी तेव्हा चालमोगऱ्याचे तेल देत. या जातीचे एक झाड आपल्या कोकणातही होते; त्यास कडुकवठ म्हणतात. आता त्या तेलाची गरज राहिली नाही. १९८० नंतरच्या काळात अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुरू झाली असून तिने हा रोग पुरता बरा होतो.

३. दिवसाचा क्रम

सकाळी साडेआठाच्या सुमारास रोगी छपराच्या सावलीत बाकांवर बसत. काम सुरू होण्यापूर्वी दवाखान्याचे नियम गालोआ व फांग या दोन भाषांत मोठ्याने सांगण्यात येत. त्यांचा आशय येणेप्रमाणे होता:

डॉक्टरच्या घराजवळ थुंकू नये. वाट पाहत असता मोठ्याने बोलू नये. रोग्याने व त्याच्या सोबत्यांनी एक दिवस पुरेल इतके अन्न बरोबर आणावे, कारण सर्वांस सकाळीच तपासणे शक्य नाही. परवानगीवाचून कोणी रात्री ठाण्यात राहू नये. औषधाच्या बाटल्या व डब्या परत आणून द्याव्यात. महिन्याच्या मध्यास आगबोट वर गेली म्हणजे ती परत खाली जाईपर्यंत केवळ अत्यवस्थ रोग्यांनीच यावे, कारण त्या दिवसांत डॉक्टर औषधे मागविण्यासाठी युरोपात पत्रे लिहीत असतो.

हे नियम वाचून कोणास हसू येईल; परंतु यांतील प्रत्येकामागे काही कारण घडलेले होते. दुरून आलेले रोगी रात्री शाळेच्या वसतिगृहात शिरून मुलांस बाहेर काढीत व त्यांच्या जागी निजत, म्हणून चौथा नियम झाला. त्या दमट हवेत कागदाच्या पुड्या व पुठ्ठ्याच्या डब्या टिकत नसत. औषध ठेवावयास काचेची बाटली किंवा पत्र्याची डबी हवी आणि ती तर समुद्रापलीकडून यावयाची. एका रोग्याने बाटली परत केली नाही, तर दुसऱ्यास औषध कशातून द्यावे? म्हणून पाचवा नियम. रोज तेच ते ऐकून लोकांस नियम पाठ झाले आणि ते गावोगाव जाऊन पोहोचले.

प्रत्येक रोग्यास पुठ्ठ्याची एक गोल चकती देत. झाडाच्या सालीच्या दोरीत ती ओवून तो गळ्यात घाली. तिच्यावर एक आकडा असे. त्याच आकड्याखाली वहीत रोग्याचे नाव, त्याचा रोग आणि दिलेले औषध यांची नोंद असे. कित्येक महिन्यांनी रोगी परत आला, तरी चकती पाहताच मागील सर्व हकीगत सापडे. चकती हरवणारे फारच थोडे निघत.

दररोज सुमारे ३० ते ४० रोगी तपासण्यात येत. दुपारी जेवणापुरती सुटी होई, दोन वाजता पुन्हा काम सुरू होई आणि सहाच्या सुमारास थांबे. दिव्याच्या उजेडात काम करणे धोक्याचे होते, कारण दिव्याभोवती डास जमत आणि डासांबरोबर हिवताप येई. हेलेनेबाई हत्यारे उकळून ठेवी, शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देई, पट्ट्यांच्या धुण्यावर देखरेख करी आणि वर घरचेही पाही. औषधाच्या खर्चासाठी ज्याने त्याने यथाशक्ति काही द्यावे अशी अपेक्षा असे. कोणी पैसे देई, कोणी केळी, अंडी किंवा कोंबडी आणी. ज्यांचे अन्न संपले असेल अशा रोग्यांसाठी त्यातून तांदूळ घेण्यात येई.

४. दुभाषा योसेफ

आता ज्या मनुष्यावाचून हा दवाखाना चालला नसता त्याची ओळख करून घेऊ. त्याचे नाव योसेफ. तो गालोआ जातीचा असून पूर्वी युरोपियन लोकांकडे स्वयंपाकी होता. त्यास फ्रेंच व इंग्रजी येत असून त्या मुलखातील अनेक बोलीही येत. शरीराच्या भागांची फ्रेंच नावे मात्र त्यास स्वयंपाकघरातीलच ठाऊक होती. म्हणून अमक्याची तंगडी दुखते, तमक्या बाईच्या बरगडीच्या मांसात कळ येते, अशा खाटकाच्या दुकानातील शब्दांत तो दुखणे सांगे. डॉक्टरास त्याचा अर्थ बरोबर समजे.

योसेफ निरक्षर होता. तरी फडताळातील हवी ती बाटली तो अचूक काढून देई. चिठ्ठीवरील अक्षरांचा आकार त्याने डोळ्यांत साठविलेला असे. शस्त्रक्रियेच्या वेळी रबरी मोजे घालून तो डॉक्टरच्या समोर उभा राही.

दुभाष्याचे काम शब्दास शब्द देण्याइतके सोपे नव्हते. शरीरात एक किडा फिरतो आणि तो जेथे जाईल तेथे दुखते, अशी त्या लोकांची समजूत होती. काय होते असे विचारले की, तो किडा प्रथम पायांत होता, तेथून डोक्यात चढला, मग छातीत उतरला, अशी लांबलचक कथा रोगी सांगत. त्यातून ताप केव्हापासून येतो आणि नेमके कोठे दुखते हे धीराने काढून घ्यावे लागे. औषध देताना तर याहून काळजी लागे. रोगी सगळी बाटली एकदम पिऊन टाकील, मलम खाईल आणि पोटात घ्यावयाची पूड अंगास चोळील, अशी डॉक्टरास नेहमी भीति असे. म्हणून औषध कसे घ्यावयाचे हे पुन्हा पुन्हा सांगून रोग्याकडून वदवून घेत आणि तेच बाटलीवर लिहूनही देत. गावात कोणी वाचणारा असल्यास त्याने ते पुन्हा वाचून दाखवावे असा त्यात हेतु होता.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. अरण्यातील कोणा एका खेड्यात मिशनच्या शाळेत चार अक्षरे शिकलेला मुलगा आपल्या शेजाऱ्याच्या बाटलीवरील चिठ्ठी वाचतो. त्या वेळी डॉक्टरचा हात त्या झोपडीपर्यंत पोहोचलेला असतो. तो मुलगा नसता, तर तो हात नदीच्या काठीच राहिला असता.

५. वेळेवर आणलेला रोगी

लांबारेनेस अंतर्गळाचे रोगी पुष्कळ येत. पोटाच्या भिंतीत एखादी जागा दुबळी झाली म्हणजे आतड्याचा भाग तेथून बाहेर येतो व गाठ दिसते. पुष्कळदा निजल्यावर ती आपोआप आत जाते. परंतु कधी कधी ते आतडे त्या भोकात अडकते, फुगते, त्याचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि ते कुजू लागते. रोगी वेदनेने तळमळतो, ओकाऱ्या होतात आणि शस्त्रक्रिया न झाल्यास बहुधा मरण येते. येथे दिवसांचा नव्हे तर तासांचा प्रश्न असतो. डॉक्टर येण्यापूर्वी त्या मुलखात असे रोगी झोपडीच्या वाळूत लोळत प्राण सोडीत आणि घरच्यांस पाहत बसण्याखेरीज इलाज नसे.

आता त्यांस होडीत घालून आणू लागले. भूल देऊन शस्त्रक्रिया होई आणि रोगी जागा झाल्यावर, दुखत नाही, दुखत नाही, असे आश्चर्याने म्हणत डॉक्टरचा हात शोधी. भूल हा प्रकार लोकांस इतका नवा होता की, डॉक्टर माणसांस आधी मारतो, मग बरे करतो आणि नंतर पुन्हा उठवितो, असे मिशनच्या शाळेतील एका मुलीने युरोपातील मुलांस पत्राने कळविले.

परंतु होडी वल्हवणाऱ्यांचा विचार करा. प्रवाहाविरुद्ध, पाणघोड्यांचे भय असलेल्या नदीतून, कधी रात्रीच्या काळोखात त्यांनी रोग्यास आणले. ते घरीच बसते, तर डॉक्टरची विद्या आणि धारदार हत्यारे त्या रोग्याच्या काय उपयोगाची होती? हे आजही तितकेच खरे आहे. कोणाच्या जांघेतील गाठ एकाएकी कठीण होऊन दुखू लागली, आत जाईना आणि ओकाऱ्या सुरू झाल्या, तर चोळीत किंवा शेकीत न बसता त्यास तत्काळ शस्त्रक्रिया होईल अशा रुग्णालयात न्यावे.

६. सकाळी डॉक्टर, दुपारी गवंडी

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले. श्वाइट्झर पतिपत्नी जर्मन प्रजा आणि मुलूख फ्रेंचांचा. म्हणून त्यांस आपल्याच घरात कैदेत ठेवण्यात आले. काही महिन्यांनी रोग्यांस पाहण्याची मोकळीक मिळाली. परंतु १९१७ साली त्यांस बंदिवान म्हणून फ्रान्सला नेले. १९२४ च्या ईस्टरच्या सुमारास डॉक्टर परत आला, तो दवाखान्याच्या जागी झाडेझुडपे माजलेली आणि छपरे कुजलेली. तेव्हापासून सकाळी रोगी तपासावयाचे आणि दुपारी बांधकाम करावयाचे असा क्रम सुरू झाला. योसेफही परत येऊन कामास लागला. युरोपातून आणखी डॉक्टर व परिचारिका आल्या.

एके दिवशी लाकूड वाहून नेण्यास माणसे कमी पडत होती. एका रोग्याजवळ पांढरे स्वच्छ कपडे घातलेला त्याचा सोबती बसलेला पाहून डॉक्टरने त्यास हात लावण्याची विनंती केली. मी शिकलेला मनुष्य आहे, लाकडे वाहत नाही, असे त्याने उत्तर दिले. तेव्हा डॉक्टर म्हणाला की, तू भाग्यवान. मलाही शिकलेला मनुष्य व्हावयाचे होते, पण ते साधले नाही. आपल्या मंडळ्यांतही शाळा शिकल्यावर पाटी उचलण्याची लाज बाळगणारे थोडे नाहीत. त्यांनी हे उत्तर मनात ठेवावे.

१९२५ साली दुष्काळ आणि रक्ती आंव ही दोन्ही संकटे बरोबरच आली. अरण्यात दूरवरून लाकूडतोडीसाठी आणलेले मजूर दवाखान्यात भरले होते. त्यांची भाषा कोणास नीट येत नव्हती. ते मनाई केलेल्या जागेचे पाणी पीत आणि रोग पसरवीत. एकदा डॉक्टर इतका त्रासला की, रोग्यांविषयी अनुदार शब्द काढून, मी येथे आलो हा माझा मूर्खपणा, असे तो बोलून गेला. त्यावर योसेफाने शांतपणे म्हटले की, पृथ्वीवर तुम्ही मूर्ख खरेच, पण स्वर्गात तसे नाही. त्या दिवशी डॉक्टरास औषध दुभाष्याने दिले.

रोग्यांची दाटी आणि रोगाचा फैलाव पाहून दवाखाना नदीच्या वरच्या अंगास सुमारे तीन किलोमीटरांवर नेण्याचे ठरले. तेथे अरण्य तोडून खांबांवर पत्र्याची घरे बांधली आणि जानेवारी १९२७ मध्ये रोगी नव्या जागी गेले. तेथे रोगी आपल्या कुटुंबासह राहत. घरची माणसे त्यांचा स्वयंपाक करीत आणि धडधाकट सोबत्यांना अन्नाच्या मोबदल्यात काम करावे लागे. पुढे डॉक्टरास १९५२ सालचे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. तो पैसा त्याने कुष्ठरोग्यांच्या वस्तीसाठी खर्चिला.

७. एक उणीव

ज्याचे गुण सांगावयाचे त्याची उणीव झाकणे हे खऱ्या शिक्षणास शोभत नाही. मी तुमचा बंधु आहे, पण थोरला बंधु, अशी श्वाइट्झर याची आफ्रिकन लोकांविषयी वृत्ति होती. योसेफासारख्यांनी इतकी वर्षे भार वाहिला. तरी त्यांच्या मुलाबाळांनी डॉक्टर व्हावे आणि दवाखाना आपल्या हाती घ्यावा, याची तजवीज त्याने फारशी केली नाही. १९६० साली गाबोन स्वतंत्र झाला. डॉक्टर सप्टेंबर १९६५ मध्ये नव्वदाव्या वर्षी तेथेच वारला. त्याच्या अखेरच्या काळात, दवाखाना जुन्याच पद्धतीने चालतो, अशी टीका पुष्कळांनी केली आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती.

१९८१ साली जुन्या घरांजवळ नवे रुग्णालय उघडण्यात आले. तेथे गाबोनचे लोक डॉक्टर, परिचारिका व संशोधक म्हणून काम करतात. हिवतापावरील लशीची चाचणी २००९ पासून आफ्रिकेतील सात देशांत अकरा ठिकाणी झाली. त्यांपैकी एक ठिकाण लांबारेने होते. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने ती लस मुलांस देण्याची शिफारस केली. धाकटा म्हटलेला बंधु आता जगास देऊ लागला आहे.

८. आपणांसाठी बोध

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमेवर तेल व द्राक्षारस ओतणारा आपल्या ध्यानात राहतो. उतारशाळेच्या रखवालदाराचे नाव कोणी घेत नाही. पण शोमरोनी दुसऱ्या दिवशी निघून गेला. त्यानंतर पाणी देणे, अंथरूण घालणे, पट्टी बदलणे हे सर्व त्या रखवालदाराकडे आले. दवाखाना म्हणजे ती उतारशाळा होय आणि प्रत्येक गावाने तिचा एक कोपरा चालविला पाहिजे.

तो कसा? रोग्याबरोबर जाणाऱ्याने ताप केव्हापासून आहे, काय खाल्ले, कोणते औषध घेतले हे नीट ध्यानात ठेवून सांगावे. दवाखान्याचा कागद जपून ठेवावा व पुढील खेपेस न्यावा. ज्यास वाचता येते त्याने शेजाऱ्याच्या औषधावरील सूचना वाचून दाखवावी आणि त्याच्याकडून वदवून घ्यावी. खरूज झाल्यास घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार करावा. क्षयाचे किंवा कुष्ठरोगाचे औषध बरे वाटू लागले म्हणून मध्येच सोडू देऊ नये. यांपैकी एकाही कामास डॉक्टरची पदवी लागत नाही. धीर मात्र लागतो. आणि तो योसेफ स्वयंपाक्याजवळ भरपूर होता.

विचारासाठी प्रश्न

१. बाटल्या परत आणण्याचा नियम कोणाच्या हितासाठी होता? आपल्या गावात असा कोणता लहान नियम मोडल्याने दुसऱ्याचे नुकसान होते?

२. निरक्षर असूनही योसेफाने कोणकोणती कामे केली? दुभाष्याने चुकीचे सांगितले असते, तर काय झाले असते?

३. मध्यरात्री आपल्या गावात कोणी अत्यवस्थ झाल्यास त्यास कोण, कशातून व कोठे नेईल, हे आज ठरलेले आहे काय? नसल्यास मंडळीने एकत्र बसून ते या आठवड्यात ठरवावे.

४. थोरला बंधु होऊन मदत करणे आणि बरोबरीचा बंधु होऊन मदत करणे यांत भेद कोणता?